कायीची डबी

बावीस एप्रिल. आज छोटी चक्की बंद ठेवून तिचे दगड उतरवले. टाकी लावायची आहे. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की ते दाणा कापत नाहीत, नुसता चोळतात. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. पूर्वी टाकारी दारावर यायचे. आता येत नाहीत, म्हणून मीच शिकले. कंटाळवाणं काम आहे, कपचे उडतात, पण हात गुंतलेले असले तरी डोकं मोकळं राहतं.

ही चक्की गहू-ज्वारीची नाही. मोठी गिरणी घेतली तेव्हा ही भंगारात जायची होती. राहिली ती द्वारकाबाईमुळे. हिच्यात फक्त तिची शिकेकाई, रिठा, नागरमोथा आणि तिची पावडर दळली. आजची टाकीसुद्धा तिच्याच हुकमावरून चालली आहे. तो हुकूम तिनं कुठून आणि कसा सोडला ते शेवटी सांगते.

सुलतानपूरच्या फाट्यावर लोणारची गाडी थांबते, तिथे माझ्या गिरणीसमोर तिचं कटलरीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पलंग, चार बांबू आणि वर निळी ताडपत्री. पलंगावर बांगड्या, टिकल्या, पिना, केसांची रबरं. तिचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, हे मला नीट माहीत नाही. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक मुलगी संभाजीनगरला दिलेली आहे, एवढं माहीत आहे.

रंगानं ती काळी. लोक चांगुलपणानं सावळी म्हणतात तशी नाही, काळी. केस कुरळे आणि दाट. डोक्यावरून पदर घेतला तर तो केसांवर तरंगायचा. आमच्याकडे बोलण्यात ळचा य होतो. डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते आणि काळीची कायी. लहानपणापासून तिला सगळे कायीच म्हणत आले. द्वारका हे नाव, ती म्हणायची, मतदार यादीतल्या बाईचं आहे.

तिच्या दुकानात एक गोष्ट कधीच मिळाली नाही. रोज कोणीतरी पोरगी यायची.

"मावशी, गोरं व्हायची ट्यूब द्या."

"नाही ठेवत."

"काऊन वं मावशी? सगयाईकडं हाये."

"मी लावली नं सात-आठ वर्सं. पाह्य माह्याकडं. झाली का गोरी?"

पोरगी हसायची. द्वारकाबाई हसायची नाही. ती पलंगावरून उतरायची, पोरीचं मनगट धरायची आणि ताडपत्रीच्या सावलीतून तिला बाहेर काढायची. "उन्हात ये." तिचं हे ठरलेलं वाक्य. माणसाचा रंग उन्हात पाहायचा, दुकानातल्या ट्यूबलाईटखाली नाही, असं तिचं म्हणणं. उन्हात हनुवटी वर करून, मान इकडे-तिकडे वळवून ती बघायची आणि निकाल द्यायची: भारी, मध्यम किंवा बरड.

हे जमिनीचे प्रकार आहेत. आमच्याकडच्या पोराटोरांनाही ते कळतात. भारी म्हणजे खोल काळी जमीन, कपाशीची, सगळ्यात महाग. मध्यम म्हणजे त्याखालोखाल. बरड म्हणजे फिकट, मुरमाड, उथळ. तिथे कुसळंच उगवतात. द्वारकाबाईनं बायकांच्या रंगाला हीच नावं लावली होती. सगळ्यात काळी पोरगी भारी. गोरी असेल तर बरड.

"तू बरड हायेस बाई," ती गोऱ्या गिऱ्हाइकाला सरळ सांगायची. "तुह्यासाठी बजारात ढीगभर माल हाये. माह्याकडं काही नाही."

एकदा तलाठीणबाई यावर रागावून निघून गेल्या होत्या. द्वारकाबाईचं म्हणणं साधं होतं. "शेताले कायी म्हणता तवा जीव टाकता. बाईले कायी म्हणता तवा नाक मुरडता. एकच शब्द हाये नं? का दोन हायेत?"

पावडर तिनं स्वतः जुळवली होती. तांदळाची पिठी, मुलतानी माती, सोनगेरू, आणि रंग खोल करायला बेकरीवाल्याकडची कोको पावडर. कोको किती, त्यावर भारी की मध्यम ते ठरायचं. वस्त्रगाळ करून, माझ्या चक्कीतून पुन्हा बारीक काढून ती डब्यांत भरायची. किंमत अशी, की कॉलेजातून परत येणाऱ्या पोरीनं फाट्यावरच्या भज्यांची एक प्लेट सोडली तर डबी यावी. दोष एकच होता. मुंग्या. कोकोच्या वासानं पलंगाच्या पायांना मुंग्यांच्या रांगा लागायच्या, म्हणून चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. मी एकदा माझ्यासाठी डबी मागितली तर म्हणाली, "तुले कायले पाह्यजे वं? तू त रोज गिरणीतून गोरी होऊन निंघते."

खरं होतं. पीठ माझ्या भुवयांतसुद्धा असतं.

तिच्या पावडरीचं नाव झालं ते वैशालीच्या लग्नात. फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. पोरगी आमच्याच भावकीतली, रंगानं भारी. तालुक्याहून पार्लरवाली आणली होती. तिनं खोलीचं दार लावून दोन तास काम केलं आणि दार उघडलं. नवरीचा चेहरा राखुंडीत बुडवून काढल्यासारखा, गळ्यापाशी एक रेघ, आणि रेघेखाली पोरीचा स्वतःचा रंग. तिचा चुलतभाऊ बोलून गेला, "अबे, ही त पिठाच्या डब्यात पडली!" वैशालीनं आरशात पाहिलं आणि आतून कडी लावून घेतली. वऱ्हाड येऊन उभं. वाजंत्रीवाले तेच ते गाणं तिसऱ्यांदा वाजवत होते.

तिच्या आईनं मला धाडलं. मी रस्ता ओलांडून द्वारकाबाईला घेऊन आले. कार्यालयाच्या मागच्या दारी वैशालीची आत्या उभी होती.

"हिले काऊन आणलं?" आत्या मला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आपल्यात हिच्या हातचा चहा घेत नाहीत, आन डायरेक्ट नवरीच्या तोंडाले?"

द्वारकाबाई बौद्धपुऱ्यातली. तिला हे नवीन नव्हतं. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि आत्याकडे बघून म्हणाली, "माह्या हातचा चहा तोंडात चालत नाही, पर पावडर तोंडाले चालते. चाला, तोंडापर्यंत त पोचलो."

आत्याला हसू आलं नाही. मला आलं.

तिनं पोरीला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशी, भर उन्हात बसवलं. बेसनानं चेहरा धुतला. पार्लरवाली "मेकअप उन्हात करतात का?" म्हणत राहिली, पण तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. 'भारी'ची डबी उघडली, वर काजळ, वर टिकली, काम संपलं. वैशाली आरशात बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मीच दिसून राह्यली."

"मंग? दुसरं कोण दिसाले पाह्यजे?" द्वारकाबाई म्हणाली.

बोहल्यावर नवरदेवाच्या आजीनं नवरीची हनुवटी धरून सांगितलं, "फोटोत हाये तशीच हाये पोरगी, फसवलं नाही." करवल्या म्हणत होत्या की नवरीला केकचा वास येतो. त्या हंगामात फाट्यावर नवऱ्या मुलींची रीघ लागली. आत्यासुद्धा आली. आपल्या मुलीला घेऊन, आणि उन्हात उभी राहिली.

केसांबद्दल तिचं शास्त्र वेगळं होतं. आमच्याकडे कुरळ्या केसांच्या पोरीला झिपरी म्हणतात, रोज सकाळी तेल थापून, फणीनं ओढून, दोन घट्ट वेण्या घालतात. पोरगी रडते, केस तुटतात, आई अजून जोरात ओढते. माझ्या लेकीबरोबर मीही तेच करत होते. द्वारकाबाईनं एकदा रस्त्यापलीकडून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "कोल्ड्या वावरात डवरा घालते काय वं? वाफसा येऊ दे!"

वाफसा म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी होते ती वेळ. काळ्या जमिनीत डवरा काय, कुठलंही अवजार त्याच वेळेला घालायचं. आधी घातलं तर चिकटतं, नंतर घातलं तर ढेकळं निघतात. केसांचंही तसंच, ती म्हणायची. कुरळा केस कोरडा विंचरायचा नाही. ओला करायचा, जवसाचा चीक लावायचा, आणि वाफसा आला की बोटांनी मोकळा करायचा. चीक म्हणजे जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच जुन्या ओढणीतून पिळून काढलेला बुळबुळीत रस. जवस आमच्याकडे चटणीसाठी घरोघर असतो. तो केसाला लावायचा हे कोणाला सुचलं नव्हतं. चिकाची बाटली दोन-चार दिवसांत खराब व्हायची, म्हणून ती रोज सकाळी थोडाच करायची आणि संपला की संपला.

माझ्या लेकीच्या वेण्या तेव्हापासून बंद झाल्या. शाळेत बाईंनी विचारलं, तर तिनं सांगितलं, "वाफसा झाला की बांधीन."

आता जोशीची गोष्ट.

जोशी म्हणजे जॉयस. केनियाची मुलगी, संभाजीनगरला शिकायला आलेली. वर्गातल्या मुलामुलींबरोबर लोणारचं सरोवर पाहायला निघाली होती आणि त्यांची गाडी आमच्या फाट्यावर पंक्चर झाली. द्वारकाबाईला 'जॉयस' म्हणता येईना, म्हणून पहिल्याच दिवशी तिची जोशी झाली. पुढे 'जोशीचा फोन आला', 'जोशीले माल धाडायचा हाये' असं ती सांगायची तेव्हा गावातल्या लोकांना वाटायचं, कोणी पुण्याची बाई असेल.

पोरगी गाडीतून उतरली तेव्हा तिनं डोकं रुमालात गुंडाळलं होतं. फाट्यावरची पोरं मोबाईल काढून पुढे सरसावली. ती कंटाळून पाठ फिरवून उभी राहिली. एवढ्यात द्वारकाबाईनं तिचं मनगट धरलं. जॉयस दचकली. तिला वाटलं, हिलाही फोटोच काढायचा आहे. द्वारकाबाईनं तिला उन्हात ओढलं, आपला हात तिच्या हाताशेजारी धरला आणि बघतच राहिली.

"माय वं!" ती मला ओरडून म्हणाली. "पाह्य नं! मी त मध्यम निंघाली!"

आयुष्यभर ती स्वतःला भारी समजत होती. पंचक्रोशीत तिच्या पुढे कोणी नव्हतं. आज मागे पडली, आणि तिला दुसऱ्या कशानं एवढा आनंद झालेला मी पाहिला नाही. जॉयसबरोबरच्या संभाजीनगरच्या मैत्रिणीनं तिला हिंदीत भारी-मध्यम-बरड समजावून सांगितलं. "काली मिट्टी. सबसे महँगी जमीन. बाई बोल रही है, तेरे जैसी जमीन इधर किसी के पास नहीं."

जॉयस पोट धरून हसली. हसू थांबल्यावर तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "हर दुकान में बोलता है, ये लगाओ, गोरा हो जाएगा. मेरे को गोरा नहीं होना. मेरे को पाउडर होना!"

संभाजीनगरच्या हिंदीत 'होना' म्हणजे पाहिजे. ते वाक्य द्वारकाबाईनं पाठ केलं आणि पुढे वर्षभर गोरं व्हायची ट्यूब मागणाऱ्या पोरींना ऐकवलं.

तिच्या रंगाची डबी तयार नव्हती. द्वारकाबाईनं तिथेच 'भारी'मध्ये कोको वाढवला, पुन्हा वाढवला, पोरीच्या गालावर लावून पाहिला. चौथ्या वेळी जुळलं. मग रुमाल सोडायला लावला. आत घट्ट, बारीक कुरळे, कोरडे पडलेले केस. पोरगी म्हणाली, आमच्या केसाचा माल लांबून मागवावा लागतो, तो परवडत नाही, आणि इथल्या पार्लरात गेलं की सरळ करून घे म्हणतात. द्वारकाबाईनं चिकाची बाटली पुढे केली. पोरीनं दोन बोटांत घेऊन चोळला, वास घेतला. "ये तो हमारे यहाँ भी लगाते हैं," ती म्हणाली. "अलसी."

"हाव, अलशी. जवस." द्वारकाबाईनं स्टूल पुढे ओढलं. "बस."

टायर बदलून झालं. त्यांच्याबरोबर आलेल्या सरांनी हॉर्न वाजवला. द्वारकाबाईनं हातातली बट सोडली नाही. "तुमचं तयं कुठं पळून चाललं काय हो मास्तर? युगानुयुगं तिथंच हाये. थांबा जरा."

सर थांबले. चहाही झाला. सगळ्यांनी घेतला, द्वारकाबाईच्या हातचा.

दुसऱ्या आठवड्यात जोशीचा फोन आला. तिच्या ओळखीच्या परदेशी मुलींना पावडर हवी होती, आणि चीक कसा करायचा ते मोबाईलवर बघायचं होतं. चीक पाठवता येत नाही म्हणून जवस पाठवला, सोबत वाळवलेली शिकेकाई. एसटीच्या पार्सलनं पोतं जायला लागलं. इकडल्या पोरी होत्याच. आता द्वारकाबाईला डबीवर नाव हवं होतं. नाव एकच असणार होतं: कायी.

मेहकरला ओमसेठचं मोठं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या-टिकल्यांचा माल ती त्यांच्याकडूनच भरायची. दुकानाच्या दाराशी एक उभं काचेचं कपाट आहे आणि त्यात सगळ्या गोऱ्या होण्याच्या ट्यूबा. येणारी बाई पहिली त्याच्यापुढे थांबते. द्वारकाबाई डब्या घेऊन गेली तेव्हा मी बरोबर होते. गिरणीचा पट्टा घ्यायचा होता मला.

ओमसेठ वाईट माणूस नाही. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, मनगटावर लावून पाहिली. "माल चांगला हाये बाई. पर नाव बदला. रूपगौरी करा. कायी नावानं काही खपत नाही."

"नाव बदलत नाही."

"मंग कपाटात ठेवता येत नाही."

द्वारकाबाईनं डब्या पिशवीत भरल्या आणि पायरीवरून म्हणाली, "सेठ, ह्याच काचेत ठेवीन. आन ह्याच नावानं ठेवीन."

येताना गाडीत ती डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मला तेव्हा वाटलं होतं, उगाच हट्ट. नावात काय आहे, माल खपल्याशी कारण. मी तसं म्हटलंही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुले कोणी नावानं हिणवलं नाही नं. म्हणून तुले नावात काही दिसत नाही."

तिनं प्रेसला फोन केला आणि फोनवरच नाव सांगितलं. प्रेसवाला शिकलेला माणूस. आमच्याकडे 'काही'ला लोक 'काई' म्हणतात आणि शाळेत गुरुजी ते खोडून 'काही' लिहायला लावतात. त्यानं ऐकलं 'काई', आणि शाळेत शिकल्याप्रमाणे शुद्ध केलं. लेबलांचा गठ्ठा आला. मी वाचून दाखवलं:

काही. चेहऱ्यासाठी.

काही. केसांसाठी.

द्वारकाबाईनं गठ्ठा उलटापालटा केला. सगळी लेबलं तशीच. ती पलंगावर बसली. मला वाटलं, आता प्रेसवाल्याची खैर नाही. पण तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. "साठ वर्सं कायी होती," ती म्हणाली, "आज काही झाली!"

छापलेलं फेकायचं नाही, हे आम्हा दोघींनाही मान्य होतं. लेबलं लावली. डब्या घेऊन ती पुन्हा ओमसेठकडे गेली. "सेठ, तुमीच म्हणाले, कायी नावानं काही खपत नाही. आता काही नावानं कायी खपवून पाहा."

ओमसेठ मोठ्यानं हसले आणि डब्या ठेवून घेतल्या. कपाटात नाही, मागच्या फळीवर.

पुढचा महिना दुकानात नुसता गोंधळ.

"काय पाह्यजे ताई?"

"काही."

"काही म्हणजे काय?"

"काही म्हणजे काही! चेहऱ्याचं."

माल संपला की नोकर सांगायचा, "काही नाही," आणि बाई भांडायची, इतका मोठा दुकानदार आणि काहीच नाही म्हणता? पोरींना तर नाव फारच आवडलं. घरी आईनं विचारलं, तोंडाला काय लावलं, तर म्हणायचं 'काही'. खोटंही नाही. नाव तोंडोतोंडी झालं. लोणार-मेहकरच्या बायका होत्याच, पार नांदुऱ्याहून आलेली एक बाईही 'काही' मागून गेली.

लेबलं संपली. द्वारकाबाईनं या वेळी प्रेसमध्ये स्वतः जाऊन, पाटीवर खडूनं लिहवून घेऊन, नवीन छापली. कायी. य, त्याला दीर्घ वेलांटी.

सगळे तिला वेड्यात काढायला लागले. ओमसेठनी डब्या परत पाठवल्या. चाललेलं नाव कोणी बदलतं का, 'काही' द्या, हवं तेवढं घेतो. मुलीनं फोनवर समजावलं. मीही म्हटलं, "द्वारकाबाई, देवानं आयतं नाव दिलं."

"देवानं नाही, प्रेसवाल्यानं," ती म्हणाली. "आन काही म्हणजे काय वं? काही म्हणजे कोणतंही. मी कोणतीही नाही. मी कायी हाये."

लग्नसराई तोंडावर होती. मेहकरची मागणी बंद. डब्या पलंगाखाली, पायांच्या वाट्यांत पाणी, बाहेर मुंग्या वाट बघत. मी आठवडाभर चक्की सुरू केली नाही. दळायला काही नव्हतं. ती रोज सकाळी येऊन ताडपत्री बांधायची आणि बसायची. चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

एका दुपारी फाट्यावर स्कूटी थांबली. ओमसेठची बायको, शोभावहिनी. डोक्याला स्कार्फ, डोळ्याला गॉगल, हातात हातमोजे, उन्हाचा एक कवडसा अंगाला लागू नये असा बंदोबस्त. दुकानात त्यांना मी गल्ल्याशी बऱ्याचदा पाहिलं होतं, पण स्कार्फ उतरल्यावर प्रथमच नीट पाहिलं. चांगल्या काळ्या होत्या. पूर्वी दुकानात बसताना कोणती तरी ट्यूब थापून बसत असणार.

"काही पाहिजे होतं," त्या हळू म्हणाल्या. "आमच्या दुकानात संपलं. मी... मी तेच लावते."

"काही संपलं बाई," द्वारकाबाई म्हणाली. "कायी हाये."

शोभावहिनींनी तिनं पुढे केलेली डबी घेतली. उलटसुलट बघितली, नाव वाचलं. मनातल्या मनात वाचलं असावं, कारण ओठ हलले. "लहानपणी मलेही हेच म्हणत," त्या म्हणाल्या. दुकानातलं 'मला' गळून पडलं होतं.

"उन्हात या," द्वारकाबाई म्हणाली.

त्यांनी हातमोजे काढले आणि उन्हात आल्या.

दोन दिवसांनी ओमसेठचा फोन, सगळ्या डब्या घेऊन या. आम्ही गेलो. दाराशी पोचलो तर शोभावहिनी काचेचं कपाट रिकामं करत होत्या. ट्यूबा खोक्यात भरून मागच्या फळीवर चालल्या होत्या. ओमसेठ गल्ल्यापाशी अवघडून उभे.

"अहो, निदान वरचा खण तरी राहू द्या ट्यूबांचा," ते म्हणाले.

"कपाटात कायी राहील," वहिनी म्हणाल्या. "पटत नसंल त मी गल्ल्यावर बसते, तुमी घरी बसा."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. ओमसेठही हसले, दुसरा उपाय नव्हता. द्वारकाबाईनं पिशवी उघडली आणि आपल्या हातानं एकेक डबी लावली. भारी वरच्या खणात, मध्यम त्याखाली. लावून झाल्यावर दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, "सेठ, हे कपाट जरा बाहेर सरकवा. सावलीत हाये."

कपाट पायरीवर उन्हात आलं. अजून तिथेच आहे. मेहकरला गेलात तर दिसेल.

गेल्या आठवड्यात द्वारकाबाई संभाजीनगरला गेली. परदेशी मुली राहतात त्या गल्लीत एक शटर भाड्यानं घेतलं आहे. मुलगी मदतीला, जोशी गिऱ्हाईक आणायला. "या वयात नवं दुकान?" मी विचारलं.

"या वयात मंग काय करू? गोरी होऊ?"

ती गाडीत बसली तेव्हा मी गिरणीच्या दारात होते. खिडकीशी जागा मिळाली होती. मांडीवर जवसाची गोणी, डोक्यावर पदर नाही. केस मोकळे, पांढरे-काळे, वाऱ्यानं खिडकीभर पसरलेले. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून वळून पाहत होती आणि द्वारकाबाई खुशाल पाहू देत होती. मला वाटलं, काही निरोपाचं बोलेल. गाडी हलली तशी तिनं मान बाहेर काढली आणि साऱ्या फाट्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "दगडाले टाकी लाव वं! शिकेकाई जाडी येऊन राह्यली!"

गाडी वळणावर गेली, तरी खिडकीतून बाहेर आलेले ते केस दिसत होते.

म्हणून आजची ही टाकी. दोन्ही दगड झाले. संध्याकाळी बसवून टाकीन.

तेवीस एप्रिल. सकाळी चक्कीतून आधी कोंडा काढला, टाकीनंतरची कच त्यात निघून जाते. तो फेकला. मग हातपाय धुतले, भुवयांतलं पीठ काढलं, तिच्या उरलेल्या मालातली 'मध्यम'ची डबी उघडली आणि आरसा घेऊन रस्त्यावर उन्हात उभी राहिले. जुळलं. तेवढ्यात पहिलं दळण घेऊन वैशालीची आत्या आली. डबा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"आज तोंडाले काय लावलं वं?"

"कायी," मी म्हटलं, आणि आत जाऊन शिकेकाईची पहिली ओंजळ चक्कीत टाकली.